विश्लेषण : पुण्याचा झगमगाट भोर-वेल्ह्याचा अंधार का गिळतो आहे?

शहरातील इमारतींवरचा वाया जाणारा उजेड शहराच्या हद्दीत थांबत नाही. तो ४० किलोमीटर दूरच्या डोंगरांवर, भातखाचरांवर आणि काजव्यांच्या झाडांवरही पसरतो. हवा आणि नदीचे प्रदूषण निस्तरायला वर्षे लागतात, हे प्रदूषण मात्र बटण बंद केल्याक्षणी संपते. तरीही ते रोखणारा एकही नियम का नाही?

भोर शहराबाहेर, वस्तीचे दिवे मागे टाकून एखाद्या माळावर उभे राहावे आणि उत्तरेकडे तोंड करावे. ध्रुव तारा इथून क्षितिजाच्या वर साधारण १८ अंशांवर दिसतो. हात पुढे ताणून मूठ धरली, तर क्षितिजापासून जवळपास दोन मुठी वर. अडचण अशी की भोरपासून पुणेही जवळपास सरळ उत्तरेलाच आहे, हवाई अंतराने ४० किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे ध्रुवाच्या खाली क्षितिजावर फिकट पांढरट उजेडाचा एक घुमट दिसतो. चंद्र उगवण्याआधी दिसावा तसा, पण चंद्र उत्तरेला उगवत नाही आणि हा उजेड मावळतही नाही.

वेल्हे तालुक्यातही चित्र वेगळे नाही. या तालुक्याचे ‘राजगड’ असे नामांतर राज्य सरकारने २०२४ मध्ये मंजूर केले. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले पुण्यापासून सरळ रेषेत ३५ किलोमीटरच्या आसपास आहेत. तिथून ईशान्येकडे पाहिले की मधल्या डोंगररांगेमागून शहराचा उजेड वर आलेला दिसतो. डोंगर दिवे लपवतात, पण दिव्यांनी उजळलेले आकाश लपवू शकत नाहीत.

प्रकाशप्रदूषण म्हणजे नेमके काय?

गरज नसलेल्या ठिकाणी, गरज नसलेल्या वेळी किंवा गरजेपेक्षा जास्त टाकलेला कृत्रिम उजेड म्हणजे प्रकाशप्रदूषण. त्याचे मुख्य प्रकार तीन. डोळे दिपवणारा उजेड, जसा समोरच्या गाडीच्या दिव्यांचा किंवा उघड्या फ्लडलाइटचा. दुसऱ्याच्या घरात, शेतात शिरणारा उजेड, जसा शेजारच्या सोसायटीचा दिवा आपल्या बेडरूममध्ये. आणि तिसरा, सर्वांत दूर जाणारा प्रकार म्हणजे आकाशाचा उजळा. वर किंवा आडवा गेलेला प्रकाश हवेतील रेणूंवर, धुळीवर आणि बाष्पावर आदळून विखुरतो, त्यातला काही भाग पुन्हा खाली येतो आणि सगळे आकाशच फिकट होते.

किती उजेड म्हणजे जास्त, हे एका तुलनेवरून कळेल. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असतानाही जमिनीवर जेमतेम पाव लक्स उजेड पडतो. मुख्य रस्त्यांसाठी भारतीय मानकांत १५ ते ३० लक्सची शिफारस आहे. म्हणजे नियमानुसार उजळलेला रस्तादेखील पौर्णिमेच्या रात्रीपेक्षा किमान ६० पट उजळ असतो. सजीवसृष्टी लाखो वर्षे ज्या रात्रीला सरावली, तिच्यातली सर्वांत उजळ रात्र पौर्णिमेची होती. त्यापलीकडचा उजेड तिच्यासाठी पूर्णपणे नवा आहे.

४० किलोमीटरवरचा उजेड इथे कसा पोहोचतो?

खगोलशास्त्रज्ञ यासाठी एक जुना ठोकताळा वापरतात. ‘वॉकरचा नियम’ या नावाने तो ओळखला जातो. शहराची लोकसंख्या दुप्पट झाली की आकाशाचा उजळा दुप्पट होतो. अंतर दुप्पट केले तर तो साधारण साडेपाच पटींनी कमी होतो. हा नियम अंदाजी आहे. हवा, डोंगर आणि दिव्यांचा प्रकार यांनुसार आकडे बदलतात. पण त्यातून निघणारा एक हिशेब महत्त्वाचा आहे.

शहर दुप्पट झाले, तर पूर्वीइतकाच अंधार मिळवण्यासाठी सुमारे ३२ टक्के जास्त लांब जावे लागते. पूर्वी ३० किलोमीटरवर भागत असेल, तर आता ४० किलोमीटर. २०११च्या जनगणनेत पुणे नागरी समूहाची लोकसंख्या ५० लाखांच्या पुढे होती. शहर त्यानंतरही वाढतच राहिले. म्हणजे अंधाराची सीमारेषा दर पिढीला पुढे सरकते आहे, आणि सध्या ती भोर-वेल्ह्यातून जाते आहे.

दुसरा मुद्दा दिशेचा. सरळ वर गेलेला प्रकाश वातावरण लवकर ओलांडून अंतराळात निघून जातो. क्षितिजाच्या किंचित वर, जवळपास आडवा गेलेला प्रकाश हवेतून सर्वांत लांब प्रवास करतो आणि वाटेत विखुरत राहतो. दूरच्या गावाचे आकाश सर्वाधिक खराब करणारा उजेड हाच.

मग पथदिव्यांपेक्षा इमारतींची चर्चा का?

कारण इमारतींचा उजेड नेमका आडवा जातो. चांगला पथदिवा खाली तोंड करून असतो. काचेच्या उंच इमारतीच्या खिडक्या मात्र बाजूला उजेड फेकतात, आणि विसाव्या मजल्यावरच्या खिडकीसमोर तो अडवायला झाड नसते, भिंतही नसते. दर्शनी भागाच्या रोषणाईसाठी दिवे जमिनीवर ठेवून वर रोखले जातात. त्यातला बराच उजेड भिंतीला न लागता थेट आकाशात जातो. त्यात गच्चीवरची कंपनीची नावे, एलईडी होर्डिंग, रात्रभर चालणाऱ्या बांधकामांचे फ्लडलाइट, क्रिकेटची टर्फ आणि लग्नाच्या लॉन्सवरचे आकाशात फिरणारे झोत मिळवले, की यादी पूर्ण होते.

अमेरिकेतील ट्यूसन शहरात २०१९ मध्ये एक प्रयोग झाला. महापालिकेने काही रात्री पथदिव्यांची तीव्रता ठरवून बदलली आणि उपग्रहाला शहर किती उजळ दिसते, हे संशोधकांनी मोजले. उपग्रहाने टिपलेल्या एकूण उजेडात पथदिव्यांचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी निघाला. बाकीचा उजेड इमारती, पार्किंग, जाहिराती, मैदाने आणि अशाच इतर दिव्यांचा होता. ट्यूसनचे प्रमाण पुण्याला जसेच्या तसे लावता येणार नाही. पण केवळ पथदिवे सुधारले की प्रश्न सुटला, हा समज त्यातून खोटा ठरतो.

पुण्याच्या दक्षिण टोकाला या यादीतले बहुतेक सगळे एका रांगेत दिसते. कात्रज घाट ओलांडून मुंबई-बेंगळूरु महामार्गाने खेड शिवापूर, नसरापूर, कापूरहोळ करत खाली जावे, तर हॉटेले, शोरूम, लॉन्स आणि गोदामे यांच्या दिव्यांची माळ संपत नाही. पुढे सातारा जिल्ह्याच्या हद्दीत शिरवळचे कारखाने सुरू होतात. पश्चिमेकडे पानशेत, वरसगाव आणि भाटघर या धरणांच्या काठांवर फार्महाऊस आणि रिसॉर्ट उभी आहेत. अंधारासाठी लोक इथे येतात आणि येताना उजेड घेऊन येतात.

एलईडीने वीज वाचली, मग उजेड का वाढला?

केंद्र सरकारचा पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाला आणि त्यातून देशभर सव्वा कोटीहून अधिक एलईडी पथदिवे बसले. विजेची बचत खरी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण उजेड स्वस्त झाला की तो कमी वापरला जात नाही, जास्त ठिकाणी वापरला जातो. पूर्वी इमारतीच्या प्रवेशद्वारावर एक दिवा असे. आता तेवढ्याच बिलात अख्ख्या इमारतीची कड उजळते.

दुसरी अडचण रंगाची. पांढऱ्याशुभ्र एलईडीच्या प्रकाशात ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा भाग मोठा असतो. जुन्या सोडियम दिव्याचा पिवळा प्रकाश ५९० नॅनोमीटरच्या आसपास असे. हवेचे रेणू कमी तरंगलांबीचा प्रकाश कितीतरी अधिक विखुरतात, दिवसा आकाश निळे दिसते ते त्यामुळेच. या दोन तरंगलांबींचा हिशेब मांडला, तर निळा प्रकाश पिवळ्यापेक्षा सुमारे तिप्पट विखुरतो. म्हणजे तेवढाच उजेड, पण आकाशाचे नुकसान जास्त. शिवाय रात्रीचे दिवे मोजणाऱ्या प्रमुख उपग्रहाला हा निळा भाग नीट दिसत नाही. त्यामुळे कागदावर शहर आहे त्यापेक्षा कमी उजळ भासू शकते.

जमिनीवरून पाहणाऱ्यांचा अनुभव उलट आहे. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात २०११ ते २०२२ या काळातील ५१ हजारांहून अधिक नागरिकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. आकाशाची उजळी दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत असल्याचे त्यातून दिसले. या वेगाने ती आठ वर्षांच्या आत दुप्पट होते. ज्या मुलाच्या जन्मावेळी आकाशात २५० तारे दिसत होते, त्याला अठराव्या वर्षी जेमतेम १०० दिसतील. बहुतेक नोंदी युरोप आणि उत्तर अमेरिकेतील होत्या. भारतात नोंदी घेणारे कमी आहेत, म्हणून भारतातले नुकसान कमी आहे असे म्हणता येत नाही.

दुर्बीण एकेकाळी शहरातच होती, हे खरे?

खरे आहे. आज सीओईपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे नाव तेव्हा ‘कॉलेज ऑफ सायन्स’ होते. तिथे १८८८ मध्ये प्रा. कावसजी दादाभाई नेगामवाला यांनी महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू केली. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून ती उभी राहिली. तिथली २० इंच व्यासाची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती. नेगामवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. वेधशाळा बंद होण्यामागे उजेडाचे कारण नव्हते. पण पुण्याच्या मध्यावरून देशातली सर्वांत मोठी दुर्बीण आकाश पाहू शकत होती, एवढे त्यावरून कळते.

त्यानंतर आयुकाने दोन मीटर व्यासाची दुर्बीण उभारली ती २००६ मध्ये, पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटर दूर, गिरवलीच्या डोंगरावर. हौशी निरीक्षकांचेही तेच झाले. १९४४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थांना तेजोमेघ आणि दीर्घिका दाखवायच्या तर शहराबाहेरच जावे लागते. अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी दुर्बिणी गाडीत टाकून भोर-वेल्ह्याकडे निघणारे अनेक गट आहेत.

पण यापुढे जायचे कुठे? वेल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीचा कडा संपतो आणि खाली महाड आहे, तिथे औद्योगिक वसाहत आहे. भोरच्या पूर्वेला महामार्ग आणि शिरवळ आहे. दक्षिणेला रायरेश्वराचा डोंगर ओलांडला की वाई, पाचगणी, महाबळेश्वर. आणखी ३२ टक्के लांब जायला या बाजूला जागाच उरलेली नाही. भोर-वेल्ह्याचा अंधार हा पुण्याजवळच्या अंधाराचा शेवटचा मोठा तुकडा आहे.

तारे दिसले नाहीत तर बिघडते काय?

आकाशदर्शन हा काहींचा छंद वाटू शकतो. पण रात्रीच्या अंधारावर इथल्या कितीतरी सजीवांचे रोजचे जगणे अवलंबून आहे.

काजव्यांचे उदाहरण सर्वांच्या ओळखीचे आहे. मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला, पहिल्या पावसाच्या आधी सह्याद्रीच्या झाडांवर काजवे लुकलुकतात. ही त्यांची जोडीदार शोधण्याची भाषा आहे. नर उडता उडता चमकतो, मादी बसल्या जागेवरून उत्तर देते. शेजारी फ्लडलाइट लावला की हे उत्तर दिसेनासे होते. प्रौढ काजव्याचे आयुष्य काही आठवड्यांचेच असते. त्या मोजक्या रात्री वाया गेल्या, तर पुढच्या वर्षीची पिढी घटते. काजवे पाहायला आलेल्यांच्या गाड्यांचे दिवे आणि मोबाइलचे फ्लॅशही त्यात भर घालतात.

फुलांवर येणाऱ्या निशाचर कीटकांचे नुकसान मोजले गेले आहे. स्वित्झर्लंडमधील कुरणांत दिवे लावून केलेला अभ्यास २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. उजेडातल्या फुलांवर रात्री येणाऱ्या परागवाहकांच्या भेटी अंधारातल्या फुलांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या, आणि दिवसाच्या परागवाहकांनी ती तूट भरून काढली नाही.

भोर-वेल्ह्यातील शेतकऱ्याला थेट भिडणारा मुद्दा भाताचा आहे. भात हे लहान दिवसांचे पीक आहे. पावसाळा सरताना दिवस लहान आणि रात्री मोठ्या होत जातात, तो बदल ओळखून भात पोटरीला येतो आणि निसवतो. जुन्या गरव्या जाती या बाबतीत अधिक संवेदनशील असतात. बांधाशेजारी रात्रभर प्रखर दिवा जळत राहिला, तर त्या उजेडातल्या रोपांना रात्र झाल्याचेच कळत नाही आणि निसवण लांबते. एकाच खाचरातले अर्धे भात पिकलेले आणि दिव्याजवळचा पट्टा हिरवा, असे झाले तर कापणीचे गणित बिघडते. सोयाबीनचेही असेच आहे. दिवा रिसॉर्टचा, नुकसान खाचराचे. त्याची भरपाई मागायला कोणतेही कार्यालय नाही.

पक्ष्यांचे हाल तर शहरातच होतात. अनेक स्थलांतरित पक्षी रात्री उडतात आणि उजळलेल्या इमारतींकडे ओढले जातात. अमेरिकेतील शिकागोमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये मॅकॉर्मिक प्लेस या एकाच इमारतीच्या काचांवर आदळून एका रात्रीत हजाराच्या आसपास पक्षी मेले. न्यूयॉर्कमध्ये ९/११च्या स्मरणार्थ आकाशात सोडल्या जाणाऱ्या झोतांचा सात वर्षे अभ्यास झाला. त्या झोतांभोवती घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांची एकूण संख्या सुमारे ११ लाख भरली. याच अभ्यासातली दुसरी नोंद अधिक महत्त्वाची आहे. झोत बंद केल्यावर काही मिनिटांत पक्षी पांगले आणि आपल्या वाटेला लागले.

माणसाच्या शरीरालाही रात्र कळते. रात्रीच्या निळसर उजेडाने झोपेशी संबंधित मेलॅटोनिन या संप्रेरकाची निर्मिती दबते. शरीराचे घड्याळ बिघडवणाऱ्या रात्रपाळीचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये ‘कर्करोगास बहुधा कारणीभूत’ गटात केला. खिडकीतून येणारा दिवा म्हणजे रात्रपाळी नव्हे, पण झोपेच्या खोलीत अंधार हवा, एवढे त्यातून नक्की निघते.

कायदा काय म्हणतो?

जवळपास काहीच नाही. पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ मधील व्याख्येनुसार पर्यावरणीय प्रदूषक म्हणजे घन, द्रव किंवा वायुरूप पदार्थ. प्रकाश यातला कोणताच नाही. त्यामुळे धूर सोडणाऱ्या चिमणीविरुद्ध तक्रार करता येते, पण आकाशात झोत सोडणाऱ्या लॉन्सविरुद्ध कोणत्या कलमाखाली जायचे हा प्रश्न उरतो. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत मोठ्या व्यावसायिक इमारतींच्या बाहेरील दिव्यांसाठी विजेची मर्यादा आणि स्वयंचलित नियंत्रणाची तरतूद आहे. पण तिचा उद्देश वीजबचत आहे. कमी विजेत जास्त उजेड पाडणाऱ्या दिव्याला ती अडवत नाही.

न्यायालयाचे दार मात्र ठोठावले गेले आहे. मुंबई-ठाणे परिसरातील झाडांवर गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळांविरोधात जनहित याचिका दाखल झाली आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संबंधित यंत्रणांकडे खुलासा मागितला. पण प्रत्येक दिव्यासाठी याचिका करावी लागणे, हा काही उपाय नव्हे.

आवाजाच्या बाबतीत देशाने हा रस्ता आधीच चालून दाखवला आहे. १९८१च्या हवा प्रदूषण कायद्यात १९८७ मध्ये दुरुस्ती करून ‘आवाज’ हा शब्द प्रदूषकाच्या व्याख्येत घातला गेला. २००० मध्ये ध्वनिप्रदूषण नियम आले आणि रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ आज लहान मुलालाही माहीत आहे. आवाजही घन नाही, द्रव नाही आणि वायूही नाही. जे कानांसाठी जमले, ते डोळ्यांसाठी न जमण्याचे कारण नाही.

अंधार मागणे म्हणजे खेड्यांना मागे ठेवणे नाही का?

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. डोंगराळ वाड्यांमधले लोक रात्री विंचू-साप आणि बिबट्याच्या भीतीत चालतात. पावसाळ्यात वीज गेली की दिवसेंदिवस येत नाही, हा अनुभव तिथे नवा नाही. अशा गावाला ‘तुमचा अंधार जपा’ असे शहराने सांगणे उद्धटपणाचे आहे. चौकातला दिवा, एसटी थांब्यावरचा दिवा, शाळेच्या वाटेवरचा दिवा हा गावाचा हक्क आहे.

पण भोर-वेल्ह्याचे आकाश वाडीवरच्या चार दिव्यांनी उजळलेले नाही. त्या चार दिव्यांचे बिल गाव भरते आणि शहराच्या झगमगाटाचा भार मात्र गावाने न मागता सोसायचा, असा हा व्यवहार आहे. आणि तो या तालुक्यांना नवा नाही. पुण्याला पाणी देणारी पानशेत आणि वरसगाव ही धरणे वेल्ह्यात आहेत. भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांतून खालच्या तालुक्यांना जाते. जमिनी इथल्या बुडाल्या, पाणी खाली गेले. आता रात्रही जाते आहे, आणि तीही कोणाला न विचारता.

शिवाय प्रखर उजेड म्हणजे सुरक्षितता, हे समीकरणही तपासून पाहण्यासारखे आहे. गावात आमदार-खासदार निधीतून हायमास्ट उभा राहतो. त्याच्या उघड्या प्रखर दिव्याने डोळे दिपतात आणि त्या प्रकाशाच्या कडेपलीकडची सावली आणखी गडद होते. बिबट्या बसला असेल तर तो त्या सावलीत असेल. वाटेवर थोड्या थोड्या अंतरावर खाली तोंड केलेले, कमी ताकदीचे, पिवळसर दिवे लावले, तर वाट अधिक नीट दिसते आणि आकाशही वाचते.

इतरांनी काय केले?

सर्वांत जवळचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता दिली. देशातील हे पहिलेच. त्यासाठी वाघोली-सिल्लारी भागातील गावांना अंधारात ठेवले गेले नाही. शंभरहून अधिक पथदिवे आणि सार्वजनिक दिवे बदलून त्यांची तोंडे खाली केली गेली. गावात दिवे राहिले आणि वर तारेही राहिले. लडाखमधील हानले इथे २०२२ मध्ये अंधाराचे संरक्षित क्षेत्र जाहीर झाले आणि तिथल्या गावकऱ्यांना आकाशदर्शनातून रोजगार मिळू लागला.

फ्रान्सने २०१३ पासून मोठा नियम लागू केला. शेवटचा कर्मचारी बाहेर पडल्यानंतर तासाभरात कार्यालयातले दिवे बंद करायचे आणि दुकानांच्या दर्शनी काचा रात्री एकनंतर उजळायच्या नाहीत. अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ या शहराने १९५८ मध्येच आकाशात फिरणाऱ्या जाहिरातींच्या झोतांवर बंदी घातली. २००१ मध्ये ते जगातले पहिले ‘डार्क स्काय’ शहर ठरले. तिथे रस्ते आहेत, हॉटेले आहेत, पर्यटकही आहेत.

पुण्याने आता काय करावे?

वेळ आत्ताची आहे, कारण भोर आणि वेल्ह्याचा काही भाग २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे पीएमआरडीएच्या हद्दीत आहे. पुण्याचा रिंग रोड भोर तालुक्याला येऊन भिडणार आहे. त्याच्या कडेने इमारती उभ्या राहणार, हे सांगायला ज्योतिषी नको. उभ्या राहिलेल्या इमारतीचे दिवे बदलणे खर्चिक असते, भांडणाचे असते. नकाशावरच्या इमारतीचे दिवे बदलायला फक्त एक अट पुरते.

राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत बाहेरील प्रकाशयोजनेसाठी स्वतंत्र तरतूद घालता येईल. बाहेरचे सर्व दिवे वरून झाकलेले आणि खाली तोंड केलेले हवेत. त्यांचा रंग तीन हजार केल्विन किंवा त्याहून उबदार हवा. दर्शनी भागाची शोभेची रोषणाई आणि जाहिरातींचे दिवे रात्री ११ नंतर बंद हवेत. आकाशात झोत सोडण्यावर सरसकट बंदी हवी. आणि भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी जसे पार्किंग आणि अग्निशमन तपासले जाते, तसा प्रकाशयोजनेचा आराखडाही तपासला जावा.

धरणकाठच्या आणि डोंगरउतारांवरच्या रिसॉर्टसाठी वेगळी, अधिक कडक मर्यादा योग्य ठरेल, विशेषतः काजव्यांच्या आणि भात निसवण्याच्या दिवसांत. ग्रामपंचायतींनी हायमास्टऐवजी झाकलेल्या दिव्यांची मागणी केली, तर निधी तोच राहील आणि उजेड वाटेवर पडेल. पेंचमध्ये जे वन विभागाला जमले, ते राजगड-तोरण्याच्या परिसरात जिल्हा प्रशासनाला न जमण्यासारखे नाही.

यातली एकही गोष्ट शहराला अंधारात लोटत नाही. रस्ता, जिना, फाटक, पार्किंग उजळच राहील. बंद होईल तो उजेड, जो कोणाच्याच पायाखाली पडत नाही.

सोसायटीच्या पातळीवर तर परवानगीचीही वाट पाहायला नको. आज रात्री ११ वाजता खाली उतरून आपल्याच इमारतीकडे पाहावे. गच्चीवरचे नाव, कडेची पट्टी, बागेतले वर रोखलेले दिवे यांपैकी त्या वेळी कोणाला कशाचा उपयोग होतो, ते मोजावे. उरलेल्यांसाठी एक टायमर लागतो, आणि तो बसवायला सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला फार तर एक दुपार पुरते. त्या दुपारचा उपयोग ४० किलोमीटरवरच्या माळावर ध्रुव शोधणाऱ्याला त्याच रात्री होईल.